पाच टक्क्यांची मैत्री

जून २०२५ मध्ये हॉलंडातील हेग शहरी नाटो या लष्करी मित्रसंघाची बैठक भरली. ३२ राष्ट्रांचे कारभारी जमले, राजेसाहेबांच्या वाड्यावर मेजवानी झडली, आणि दुसऱ्या दिवशी एक आकडा जाहीर झाला : पाच. २०३५ सालापर्यंत प्रत्येक सभासद राष्ट्राने आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचे शेकडा ५ संरक्षणावर खर्चावयाचे. त्यांतले साडेतीन सैन्य, शस्त्रे, दारूगोळा यांवर आणि दीड रस्ते, बंदरे, पूल असल्या पूरक कामांवर.

अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी हा आपला मोठा विजय म्हणून मिरवला. मिरवू द्या, ज्याची वरात त्याने मिरवावी. मला राग आला तो आमच्याकडच्या टाळ्यांचा. शिक्षकांच्या खोलीत, एसटीच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, जिकडे जावे तिकडे एकच शहाणपण कानी येते. "बरोबरच आहे हो! सोसायटीत राहायचे आणि मेंटेनन्स थकवायचा, हे किती दिवस चालणार? पहारेकऱ्याचा पगार एकट्या चेअरमनने का म्हणून द्यावा?" एवढे बोलून हे गृहस्थ जिलबीचा तुकडा मोडतात, जणू जगाचे राजकारण त्यांनी निकालात काढले!

हा विषय फराळाच्या ताटाशेजारी ठेवण्याजोगा नव्हे, असे कोणी म्हणतील. का नव्हे? पलटणीत जी मुले जातात ती कुणाच्या ना कुणाच्या घरातूनच जातात, आणि त्यांच्या नावाने जो हिशेब मांडला जातो तो खरा की खोटा हे घरच्यांनी पाहू नये तर कोणी पाहावे? मी काही अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना त्रैराशिक शिकवणारा मास्तर आहे. पण वजाबाकी चुकली तर ती कळण्यापुरते गणित मला येते, आणि या मेंटेनन्सच्या दाखल्यात पहिल्याच पायरीला चूक आहे.

नाटोची म्हणून जी सामाईक तिजोरी आहे ती अगदी लहान. ब्रुसेल्सचे मुख्यालय आणि काही सामाईक यंत्रणा व कामे तिच्यातून चालतात. तिच्यातला आपला वाटा सगळे देतात; २०१९ मध्ये तर जर्मनीने आपला वाटा वाढवून जवळजवळ अमेरिकेच्या बरोबरीला आणण्याचे कबूल केले. मग हे दोन टक्के, पाच टक्के कसले? तर प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या सैन्यावर, आपल्याच तिजोरीतून करावयाचा खर्च. तो कमी पडला तर शेजाऱ्याची निराशा होईल, रागही येईल. पण शेजाऱ्याचे देणे कसे होईल? तुम्ही घराला जाड कुलूप लावले नाही तर तुम्ही बेफिकीर ठराल, कर्जबुडवे नव्हे. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये ट्रम्पसाहेबांनी साऊथ कॅरोलिनातल्या सभेत भरल्या गळ्याने सांगितले, की जे देणे देत नाहीत त्यांचे रशियाने वाटेल ते करावे, मी उलट त्याला उत्तेजन देईन! ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ राष्ट्रांनी ज्या तहावर सह्या केल्या त्यात टक्क्याचा उल्लेख नाही. प्रत्येकाने स्वतःच्या बळावर व परस्परांच्या मदतीने सामर्थ्य राखावे, असे तिसरे कलम म्हणते. एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा मानावा, असे पाचवे. पाच हा आकडा त्यात आहे तो कलमाचा.

आता अमेरिकेची तक्रार अगदीच खोटी, असे मात्र मी म्हणणार नाही. ती जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. १९६६ पासून सिनेटर मॅन्सफील्ड हे सांगत होते, की युरोप आता सावरला, आमची पोरे परत बोलवा. १९७१ मध्ये तिथले अमेरिकन सैन्य निम्मे करण्याची त्यांची सूचना ६१ विरुद्ध ३६ मतांनी पडली, म्हणजे छत्तीस जणांना तरी ती पटली होती. २०१४ मध्ये क्रिमिया रशियाच्या घशात गेल्यावर वेल्समध्ये दोन टक्क्यांचे वचन दिले गेले. त्या वर्षी ते पाळणारी राष्ट्रे तीन. आणि जर्मनीसारख्या धनाढ्य राष्ट्राच्या एका पलटणीने त्याच साली नॉर्वेतल्या कवायतीत काय केले? चिलखती गाडीवर मशिनगनच्या नळीऐवजी झाडूचा दांडा काळा रंगवून बांधला! दिवाळीच्या किल्ल्यावर आमची मुले पुठ्ठ्याची तोफ बसवतात. पण त्यांच्यामागे जगातली एक मोठी अर्थव्यवस्था उभी नसते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठी स्वारी केली तेव्हा युरोपला आपला दारूगोळा मोजावा लागला आणि तो लाज वाटण्याइतका थोडा निघाला. ही हेळसांड होती, आणि तिला मी हेळसांडच म्हणतो.

पण हेळसांडीवरचा उपाय टक्केवारी आहे काय?

ग्रीस घ्या. २०१४ मध्ये दोन टक्के पाळणाऱ्या त्या तीन शहाण्या मुलांत ग्रीसचे नाव आहे. कोणाच्या भीतीने तो एवढा खर्च करीत होता? मुख्यतः तुर्कस्तानच्या. आणि तुर्कस्तान कोण? नाटोचाच सभासद! म्हणजे एका मित्राने दुसऱ्या मित्रावर नेम धरून खर्च केला तरी प्रगतिपुस्तकात त्याला पैकीच्या पैकी गुण. आइसलंडला सैन्यच नाही. तरी तो पहिल्या बारांत आहे, कारण अटलांटिक समुद्रात तो बसला आहे ती जागा लाखमोलाची. त्या जागेचे टक्के कोणी काढावयाचे? निवृत्त शिपायांचे पेन्शनही या खर्चात धरतात. पेन्शन द्यावेच, परंतु त्याने शत्रू अडत नाही. आणि ते वरचे दीड टक्के! इटलीच्या सरकारातल्या काही मंडळींनी सिसिली बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा मेसिनाचा पूल त्यात बसतो काय, याची चाचपणी सुरू केली. स्पेनने तर आम्हांला २.१ पुरेत म्हणून आधीच सांगून टाकले. आकडा मोठा ठेवला की तो भरण्याच्या युक्त्या निघतात, हे सांगायला हेगला कशाला जायला हवे? शाळेचा हजेरीपट पाहिलेल्या कोणालाही ते ठाऊक असते.

उलट फिनलंड पाहा. त्याची रशियाशी सरहद्द तेराशे किलोमीटरहून लांब. २०२३ पर्यंत तो नाटोत नव्हताच. खर्च कित्येक वर्षे दोन टक्क्यांच्या आत. पण लोकसंख्या अवघी ५५ लाखांच्या घरात असून, प्रसंग पडला तर २ लाख ८० हजार माणूस बंदूक घेऊन उभे राहील अशी तजवीज त्या देशाने मोडू दिली नाही. ती रशियाच्या आठवणीने राखली होती. कुणाच्या पावतीसाठी नव्हे.

आणि आता डेन्मार्कची गोष्ट ऐका. त्या मेंटेनन्सवाल्या गृहस्थांना मी ती हटकून सांगतो आणि मग ते चहा मागवतात.

एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, हे जे पाचवे कलम, ते आजवर एकदाच लागू झाले. कोणासाठी? जर्मनीसाठी नव्हे, पोलंडसाठी नव्हे. १२ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी, अमेरिकेसाठी! १३ मित्रराष्ट्रांच्या माणसांनी नाटोच्या टेहळणी विमानांतून अमेरिकेच्या आकाशात कित्येक महिने गस्त घातली. पुढे अफगाणिस्तानात डेन्मार्कचे ४३ सैनिक मेले. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर ही हानी अमेरिकेच्या तोडीस तोड. त्या वर्षांत डेन्मार्कचा खर्च दोन टक्क्यांच्या बराच आत होता, म्हणजे नव्या हिशेबाने तो बुडवाच. ज्या ४३ घरांत शवपेट्या आल्या त्यांच्या दारावर थकबाकीची पाटी लावावयाची काय? आणि याच डेन्मार्कच्या राज्यातले ग्रीनलंड बेट, जिथे १९५१ च्या कराराने अमेरिकेला लष्करी तळ ठेवण्याची मुभा आहे, ते घेण्यासाठी बळाचा वापर करणार नाही अशी ग्वाही द्यायला ट्रम्पसाहेबांनी जानेवारी २०२५ मध्ये नकार दिला! राखणदारच मळ्यावर डोळा ठेवू लागला तर त्याला किती टक्के द्यावे, हे कोणत्या त्रैराशिकात बसते?

मला म्हणावयाचे आहे ते असे. आपल्या सैन्यावर आपण केलेला खर्च ही एक वस्तू आणि दुसऱ्याच्या सैन्याचे आपण दिलेले भाडे ही दुसरी वस्तू. टक्केवारीच्या गोंगाटात या दोहोंतले अंतर पुसले जाते, आणि ज्याला भाडे घ्यावयाचे असते त्याला ते पुसलेलेच हवे असते.

भाड्याचा इतिहास लांबचा नाही. १९६१ पासून पश्चिम जर्मनीने असे कबूल केले, की अमेरिकन फौजेपायी जेवढे डॉलर जर्मनीत येतील त्यांची भरपाई म्हणून आपण अमेरिकेकडून शस्त्रे विकत घेऊ. शस्त्रे हवी आहेत की नाहीत, हा प्रश्न मागाहून. १९६६ मध्ये चान्सेलर एरहार्ट अंदाजपत्रकातल्या तुटीने गांजले आणि सवलत मागायला वॉशिंग्टनला गेले. अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना रिकाम्या हाती परत पाठवले. महिन्याभरात तूट भरण्याच्या वादावरून त्यांचा सहकारी पक्ष सरकारातून फुटला आणि वर्ष सरण्याच्या आत एरहार्टही गेले. संरक्षकाच्या बिलाने सरकार पडायलाही हातभार लागतो, तो असा.

जपानने तर या भाड्याला गोंडस नाव दिले. १९७८ पासून तिथल्या अमेरिकन तळांचा काही खर्च जपान उचलू लागला. त्याला म्हणतात 'ओमोइयारी', म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीची जाण. पहिल्या वर्षी ही जाण ६२० कोटी येनची होती. पुढे नोकरांचे पगार, विजेचे आणि पाण्याचे बिलही तिच्यात आले. २०२१ च्या अखेरीस पाच वर्षांचा जो करार ठरला तो सालीना सुमारे २१,१०० कोटी येनचा. आणि एवढ्या खर्चाने मान मिळाला काय? १९९१ च्या आखाती युद्धात जपानने सैन्य पाठवले नाही. १,३०० कोटी डॉलर दिले, त्यासाठी आपल्या प्रजेवर कर वाढवले. युद्ध संपल्यावर कुवेतने अमेरिकन वर्तमानपत्रांत आभाराची जाहिरात दिली. तीत मदत करणाऱ्या राष्ट्रांची यादी होती. जपानचे नाव नव्हते.

कोरियाची कथा याहून बोचरी. दक्षिण कोरिया आपल्या सैन्यात काटकसर करणारा देश नव्हे. तिथल्या प्रत्येक धडधाकट तरुणाला सक्तीची लष्करी नोकरी असते. प्योंगटेक गावचा प्रचंड अमेरिकन तळ बांधायला एक हजार कोटी डॉलरांवर खर्च आला आणि त्यांतला सुमारे नऊ-दशांश कोरियाने सोसला. तरी २०१९ मध्ये अमेरिकेने वर्षाला ५०० कोटी डॉलर मागितले, पूर्वीच्या पाचपटीहून अधिक! घासाघीस फिसकटली, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकन तळांवरच्या सुमारे चार हजार कोरियन नोकरांना बिनपगारी घरी बसवले. दोन सरकारांची रस्सीखेच, आणि चूल विझली ती तिसऱ्याचीच.

हे सारे वाचताना मराठी माणसाला काही आठवत नाही काय? दोन्ही अंगांनी आठवायला हवे. वसूल करणाऱ्याचे सोंग आम्ही घेतले आहे आणि भाडे भरणाऱ्याचेही.

चौथाई म्हणजे शंभरातले पंचवीस! पाच टक्के काय घेऊन बसलात? १७१९ मध्ये दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या तेव्हा बादशहाच्या चाकरीस १५ हजार घोडदळ ठेवण्याचे आम्ही मान्य केले होते. १७५२ मध्ये दिल्लीच्या बादशहाशी करार झाला : अब्दालीपासून आणि घरच्या शत्रूंपासून आम्ही रक्षण करावे, त्याने ५० लाख रुपये द्यावेत. करार कागदावर ठाकठीक होता. पण उत्तरेतल्या ज्यांच्या ज्यांच्या दारी आमचे वसुलीचे घोडे गेले होते, ते १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर आमच्या बाजूला उभे होते काय? राजपूत राजे स्वस्थ बसले, सुरजमल जाट आधीच निघून गेला. पानिपताची कारणे पुष्कळ आहेत, आणि त्यांवर आमच्याकडे रात्र रात्र वाद चालतो. पण ज्याच्याकडून आपण वसुली केली तो आपल्यासाठी मरायला येत नाही, एवढे त्या मैदानावर दिसले. वॉशिंग्टनच्या वसुलीवाल्यांना पानिपत कोणी सांगायचे?

आणि भाडेकऱ्याची बाजू. २५ ऑक्टोबर १८०२. ऐन दिवाळी. हडपसरच्या मैदानावर यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि दुसरे बाजीरावसाहेब पुणे सोडून पळाले ते अखेर इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोहोचले. ३१ डिसेंबरला तिथे तह झाला. इंग्रजांनी निदान सहा हजार पायदळ आणि तोफखाना पेशव्यांच्या रक्षणाला द्यावा. पेशव्यांनी त्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावा. हिशेब म्हणून पाहा, किती चोख! आमच्या मेंटेनन्सवाल्या गृहस्थांनी त्यावर डोळे मिटून सही केली असती. पण कलमे पुढेही होती. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्राचे युरोपियन नोकरीस ठेवावयाचे नाहीत. परराज्याशी बोलणे करावयाचे ते इंग्रजांना विचारून. निजाम आणि गायकवाड यांच्याशी तंटा असेल तर इंग्रज निवाडा करतील. १३ मे १८०३ रोजी बाजीराव पुन्हा पुण्याच्या गादीवर बसले. सप्टेंबरात याच संरक्षकाने असईला शिंदे-भोसल्यांचे, म्हणजे पेशव्यांच्याच सरदारांचे, सैन्य मोडले. आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीवर पेशव्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली तेव्हा, पेशव्यांच्या पैशाने उभी केलेली कॅप्टन फोर्डची दापोडीची पलटण कोणत्या बाजूने लढली? इंग्रजांच्या! पगार देणारा एक आणि हुकूम देणारा दुसरा, असे झाले की बंदूक हुकमाकडे पाहते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे : युरोप म्हणजे बाजीराव नव्हे. तिथे लोकसभा आहेत, मते आहेत, दार उघडे आहे. मान्य. १९६६ मध्ये द गॉल यांनी नाटोच्या एकत्रित लष्करी कमानीतून फ्रान्सला बाहेर काढले आणि अमेरिकन फौजेला देश सोडायला सांगितले. फौज गेली. १९६७ मध्ये मुख्यालय पॅरिसहून ब्रुसेल्सला हलले. कोणी पॅरिसवर चाल करून गेले नाही. हा वसई आणि वॉशिंग्टन यांतला फरक मी नाकारीत नाही. पण द गॉल असे बोलू शकले ते कशाच्या जोरावर? १९६० पासून फ्रान्सजवळ स्वतःचा अणुबाँब होता, स्वतःच्या कारखान्यातली विमाने होती. झाडूचा दांडा रंगवणाऱ्याला दार उघडे असून काय उपयोग?

म्हणून युरोपने खर्च करू नये, असे माझे म्हणणे नाही. पाच करा, सहा करा! पोलंड चारांवर गेला आहे, कारण त्याने आपल्या सरहद्दीकडे पाहिले. परंतु तो पैसा कुठे जातो ते पाहा. विमाने अमेरिकेची, क्षेपणास्त्रे अमेरिकेची, त्यांचे सुटे भागही तिथूनच. आणि १९५१ मध्ये आयसेनहॉवर युरोपातले पहिले सरसेनापती झाले तेव्हापासून त्या जागेवर अमेरिकन सेनापतीवाचून दुसरा माणूस बसलेला नाही. गावात जागल्याला बलुते देतात, ते द्यावेच. म्हणून गावाचे जावई जागल्याने ठरवावेत, असे कोणत्या पांढरीत ऐकले आहे? सरसेनापती कोणाचा, कारखाने कोणाचे, शत्रू कोणता हे ठरवणार कोण, या गोष्टींवर हेगला झुंज झाली असती तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या. झुंज झाली ती टक्क्यावर.

विदर्भातल्या वाचकांना तरी ही गोष्ट परकी वाटू नये. निजामाने १८०० च्या तहात इंग्रजी फौजेपायी मुलूख तोडून दिलाच होता. युद्धप्रसंगी त्याने आपलेही सैन्य मदतीस द्यावे, असे त्यात होते. पुढे ते सैन्य इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली कायमचे झाले, शांततेतही, आणि त्याचा पगार निजामाकडे. पगार थकला, पामर आणि कंपनीचे सावकारी कर्ज झाले, मग खुद्द इंग्रज सरकारचेच कर्ज झाले. १८५३ मध्ये डलहौसीने त्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला, काळी कपाशीची जमीन, अमरावती-अकोल्यासह सगळा. १९०२ मध्ये कर्झनने तो सालीना २५ लाखांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला. पुढच्याच वर्षी ती कंटिंजंट फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली आणि वेगळी म्हणून उरली नाही. वऱ्हाड मात्र निजामाकडे परत गेला नाही; त्याच साली तो मध्यप्रांताच्या कारभाराला जोडण्यात आला.